कारवी फुललेला पितृपक्ष

संगीताचा फोटो आला तेव्हा मी कुकर लावत होते. फोटोखाली एकच शब्द होता, ‘फुलली’. फोटोत नुसतं धुकं, आणि धुक्यात कुठेतरी जांभळट निळे ठिपके. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, मोबाइलच्या काचेला पाणी लागलंय. मला मात्र पाहताक्षणी कळलं. मी गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिले आणि तशीच राहिले. त्या दिवशी भात अर्धाकच्चा झाला. नवऱ्याने तो मुकाट्याने खाल्ला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. आमच्या मुलुंडच्या मागे जो डोंगर आहे, टॉवरच्या गच्चीवरून हात लांब केला तर लागेल असा, त्याच्या उतारांवर ती माजलेली असते. मधली वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पावसाळ्यात खरखरीत पानांची हिरवी झुडपं, उन्हाळ्यात नुसत्या काड्या. मग ठरलेल्या वर्षी, भाद्रपदाच्या सुमाराला, सगळी एकदम फुलते. फुलली की बी धरते, आणि बी धरलं की मरते. तीही सगळी एकदम. अख्खा डोंगर मनात दिवस मोजत बसल्यासारखा वागतो, आणि मोजणारा कोण ते दिसत नाही. लोक कौतुकाने बघायला जातात, रील काढतात. मला त्या फुलण्याची भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी संगीताचा फोन आला.

“येतेस ना?”

“बघते.”

“बघते काय? मागच्या वेळेनंतर तू डोंगराकडे पाठ करून बसलीयस. चल यार. आणि तिथे गेल्यावर तुला एक सांगायचंय.”

“मग आत्ता सांग.”

“नाही गं. तिथेच.”

संगीताला मी पुरती ओळखते. ती गोष्टी लांबवणारी बाई नव्हे. हॉस्पिटलात नर्स आहे; वाईट बातमीसुद्धा उभ्या उभ्या, सरळ डोळ्यांत बघून सांगते. ती ‘तिथेच’ म्हणाली, तेव्हाच मला कळलं की हे त्या हाकेबद्दल आहे. आणि त्या हाकेला कुणी हात लावलेला मला चालणार नव्हता. माझ्या देवघरातला दिवा गेली आठ वर्षं त्या एका हाकेवर जळतोय.

हे सांगायचं तर आधी दादाबद्दल सांगायला हवं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर एकटा राहायचा. लग्न केलं नाही. “डोंगराला सवत कोण आणणार?” असं म्हणून स्वतःच हसायचा. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणून मला उरलेला तेवढाच माणूस. दर रविवारी पहाटे बूट घालून निघायचा आणि दुपारी चिखलाने माखून, पायाला जळवा लावून, खूश होऊन यायचा. त्यांचा एक ग्रुप होता. निवृत्त माणसं, कारकून, एक शिंपी, एक बेकरीवाला. वनखात्याची परवानगी काढून डोंगर हिंडायचे. दादा त्यांच्यात नेहमी शेवटून चालायचा. पुढे जायची हौस सगळ्यांनाच असते, शेवटचा मात्र ज्याला घाई नाही असाच लागतो, असं त्याचं म्हणणं. पुढच्याने रस्ता सांभाळायचा, मागच्याने माणसं. त्याच्या मागे कोणी नसायचं आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

मागची कारवी फुलली त्या वर्षीच्या आषाढात तो झोपेत गेला. काही दुखलं नाही, खुपलं नाही. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही, इतकंच. मी देवापुढे दिवा लावेनाशी झाले. भांडण नाही, त्रागा नाही. हातच जाईना काडेपेटीकडे. दादाच्या घरी गणपती यायचा, तो त्या वर्षी आला नाही.

आणि त्याच दिवसांत मागून कोणीतरी चालायला लागलं. बाजार घेऊन जिना चढताना, नाहूरच्या पुलावरून येताना, ऑफिसच्या लांब पॅसेजमध्ये. माझ्या मागे पाच-सहा हात अंतर ठेवून, बेताने. मी वाट द्यायला बाजूला व्हायचे, तर मागे कोणी नाही. मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटायचं. घरात कोणी नसताना मी मागे न बघताच विचारायचे, चहा टाकू का रे? आता लिहिताना वेडेपणा वाटतो, तेव्हा वाटला नाही.

ग्रुपमधले बाबलकाका एक दिवस घरी आले. भांडुपला राहणारे, मूळचे कुडाळकडचे, सगळ्यांत पुढे चालणारे. चहा बशीत ओतून म्हणाले, “रविवारी येत जा. घरात बसान रडान काय होवचा नाय.” मी गेले. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि गेल्यावर कुणी न सांगता शेवटी उभी राहिले.

त्याच महिन्यात संगीता ग्रुपमध्ये आली. कांजूरमार्गला राहणारी, माहेर हिंगोलीकडचं. “आमच्याकडे वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास घरात येतो. आठवड्यातून एकदा तरी श्वास घ्यावा म्हटलं,” अशी तिने स्वतःची ओळख करून दिली. पहिल्याच रविवारी ती माझ्या पुढे होती आणि थोड्या वेळाने वळून म्हणाली, “तू मागे कोणाशी बोलतेस गं?”

“कोणाशी नाही.”

“बरं,” म्हणाली, आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. त्या ‘बरं’मध्ये थट्टा नव्हती, कीवही नव्हती. आमची मैत्री तिथेच झाली म्हणायला हरकत नाही.

जंगलात शिरण्याआधी बाबलकाका दर वेळी एक नियम सांगायचे. रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही, कुकारा घालायचा. लांबलचक ‘कूऽऽ’, बस. आणि पुढे? “पयल्या कुकाऱ्याक ओ देवची नाय. दुसऱ्याकव नाय. तिसरो इलो, तर माणूस आसा समजाचा.” भुताला दोनदाच हाक मारता येते, असं त्यांच्या गावातलं पोरसुद्धा सांगेल. माझ्या आजोळीही तेच होतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. ग्रुपमधली बहुतेक सगळी कोकणातलीच, कुणालाच वाटलं नाही. संगीता एकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काका, आणि एखाद्याला दोनदाच ओरडता आलं तर? दम संपला त्याचा, तर?”

बाबलकाकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि चालायला लागले.

कारवी फुलली ती पितृपक्षात. काकांना त्या पंधरवड्यात रानात जाणं पसंत नव्हतं, पण फुलं थोडीच तिथी बघून थांबणार. आम्ही निघालो तेव्हा उजाडलेलं होतं, तरी ऊन नव्हतं. वर चढत गेलो तसं धुकं इतकं दाट होत गेलं की पुढचा माणूस नुसता रंग म्हणून उरला. संगीताचा रेनकोट लाल होता; मला तेवढंच दिसत होतं. दोन्ही बाजूंना कारवी डोक्याच्या वर. फुलं ओली, मिटल्यासारखी, आणि एकही मधमाशी नाही. वारा आला की आतल्या काड्या एकमेकींवर आपटून टकटक वाजायच्या. कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटायचं.

त्याहून विचित्र म्हणजे खालचे आवाज. धुक्यात आवाजाला जागा राहत नाही. अगदी कानाजवळच्या झुडपात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. पायाखालून स्टेशनवरची घोषणा यायची, बाईचा तो सरळ, कुणालाच उद्देशून नसलेला आवाज. एकदा एक मूल रडलं, अगदी स्पष्ट, माझ्या उजव्या हाताला. तिथे दरी होती. घरं खूप खाली होती हे माहीत असूनही मी हात पुढे केला.

तेवढ्यात पाय गेला. फुलांनी झाकलेली पाण्याची जुनी ओघळ होती, मी तिच्यात आडवी घसरत गेले. कारवी वरून मिटली. घोट्यात काहीतरी मोडल्याचं आधी ऐकू आलं, मग दुखलं. पाठ दगडावर आपटून श्वास असा अडकला की तोंड उघडलं तर नुसती हवा. कुकारा घालायचा म्हणून ओठ गोल केले. काहीच नाही. शेवटी चालणारी मी. पडताना मला पाहायला माझ्या मागे कोणी नव्हतंच. लाल रेनकोट दिसेनासा झाला. मग बोलण्याचे आवाज विरले.

मला वाटलं होतं, निदान दादा असेल. इतके दिवस मागे मागे असायचा, आता तर तो लागणारच होता. मी कान दिले. आणि माझ्या लक्षात आलं की तो नाहीये. ते मागचं असणं, ज्याची मला सवय झाली होती, ते बंद झालं होतं. पंखा बंद झाल्यावर खोली कशी अचानक मोठी होते, तसं. इतकी एकटी मी त्याच्या मर्तिकालाही नव्हते. मग समोरच्या उतारावर कारवीचे शेंडे हलले. वारा नव्हता. शेंडे एका रेषेत हलत आले, माझ्या वरच्या अंगाला थांबले. एक उग्र, ओला वास आला. बराच वेळ काही हललं नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेंडे स्थिर होते. जनावर असेल. नसेलही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. वर संगीताचा चेहरा दिसला, पांढराफटक. तिच्या मागे बाबलकाका, इतर सगळे. “हिणा तीन कुकारे आयकले म्हणान सापडलंस गो,” काका म्हणाले आणि चक्क रडायला लागले. मी बोलू शकत नव्हते. मी एकदाही हाक मारली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगणार कशी?

घरी आले, पायाला प्लॅस्टर पडलं, आणि त्याच संध्याकाळी मी लंगडत देवघरापर्यंत जाऊन दिवा लावला. माझ्या घशातून निघालीच नाही ती हाक माझ्या आवाजात कुणी मारली? देवाने मारली, रानाने मारली, ज्याने मारली त्याला हा दिवा. पुढे हा प्रसंग मी सगळीकडे सांगितला. हळदीकुंकवाला सांगितला, ऑफिसात सांगितला, एकदा रिक्षावाल्यालाही सांगितला. सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि ऐकणाऱ्याच्याही. संगीता मात्र तो सुरू झाला की उठून कप विसळायला जायची. मला वाटायचं, हिचा असल्यावर विश्वास नाही, मैत्रीण म्हणून गप्प बसते.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. दादा तिथून मला सोडून गेला, ही. त्या दिवसानंतर मागची पावलं पुन्हा आली नाहीत. देवावर विश्वास बसला आणि भावावर राग. वर्षश्राद्धाला भटजींनी सांगितलं तेवढं सगळं केलं, पण मनातून त्याला माफ केलं नाही.

संगीता ड्युटी संपवून रोज यायची. पायाला मालीश करायची, मला शिव्या घालून चालायला लावायची. मी पुढे दर बुद्धपौर्णिमेला तिच्याकडे खीर खायला जायला लागले. तिच्या मुलीच्या दहावीचं टेन्शन मी घेतलं, माझ्या नवऱ्याची शुगर तिने सांभाळली. माझ्या दिव्याला तिने कधी नावं ठेवली नाहीत. डोंगराने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगेन, ही बाई आणि ती हाक. आणि आता ही बाई त्या हाकेबद्दल काहीतरी सांगणार होती.

परवाच्या रविवारी आम्ही गेलो. पुन्हा पितृपक्षच. बाबलकाका आता गावी असतात, गुडघे गेलेत. वनखात्याचा गाइड कॉलेजच्या मुलांना घेऊन पुढे झाला आणि आम्ही दोघी साहजिकच मागे पडलो. धुकं होतं. काड्या वाजत होत्या. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी संगीताचा दंड धरला, तिने सोडवून घेतला नाही.

ती ओघळ मला सापडली नसती. तिला बरोबर सापडली. मी पिशवीतून नारळ काढला. ज्याने हाक मारली त्याच्यासाठी. तर तिने माझं मनगट धरलं.

“थांब, वैजू. हाक आलीच नव्हती.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“एकपण नाही आली. मी खोटं बोलले. वैजू दिसत नाही म्हटलं, तर काका म्हणाले, येतली मागसून; हाक आली म्हटल्याशिवाय ते वळले नसते. एकच ऐकली म्हटलं असतं तर गप ऱ्हव म्हणाले असते. तुमची सगळी माणसं तसलीच. म्हणून मी तीन सांगितल्या. ओरडून, शपथ घेऊन सांगितल्या.” तिने माझं मनगट सोडलं. “मी रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथ्याशी येते, खोटं बोलणार नाही, आणि तिथे अडकते. आणि तू तिकडे दिवा लावतेस.”

मी ओल्या दगडावर बसले. राग आला, खरंच आला. आठ वर्षं मी नुसत्या थापेला तेल घालत होते? मला ओरडायचं होतं तिच्यावर. पण त्या रागातही एक प्रश्न मधे उभा राहिला.

“मग मी मागे नाहीये, हे तुला कळलं कसं?”

धुक्यात पुढच्या मुलांचं हसणं ऐकू आलं आणि गेलं.

“हेच तर सांगायचं नव्हतं,” ती म्हणाली. “कारण मागे तू होतीस. म्हणजे, चालत होतं कोणीतरी. चिखलातून बूट उचलल्याचा आवाज होतो ना, तसा. मी थांबले की थांबायचं. मी तुझ्याशी बोलत होते गं सारखी. डबा काय आणलास, विचारलं. तू काही बोलेनास म्हणून वळले. कोणी नव्हतं. चिखलात ठसे फक्त माझे. मी किती प्रेतं बांधलीत या हातांनी, मला नाही भीती वाटत. त्या दिवशी वाट लागली माझी.”

“मग?”

“मग ती पावलं परत जायला लागली. खाली, उलटी. थोडं जायची, थांबायची. मी येतेय का बघत असल्यासारखी. मी काकांना थाप मारली आणि पावलांच्या मागून आले. इथे येऊन थांबली ती. इथे, बघ, तू बसलीयस तिथे.” तिने चेहरा पुसला. “मी हे मानत नाही, वैजू. आजही नाही मानत. पण ऐकलं ते ऐकलं. त्याला मी काय करू?”

कशी होती पावलं, असं मला विचारायचं होतं. जड होती का, बेताची होती का, किती अंतर ठेवून होती. मी विचारलं नाही. मला ते विचारायची गरजच राहिली नव्हती. मी ओघळीत पडले होते आणि तो नव्हता, ते खरंच होतं. तो मला सोडून गेला नव्हता. तो माणसं आणायला गेला होता. आठ वर्षं मी ज्याच्यावर धुमसत होते तो मेल्यावरही आपलं काम करत होता, आणि मी नारळ आणला होता भलत्याच कुणासाठी. मी तिथे बसून इतकी रडले की संगीता घाबरली. मग तीही रडली. दोन पोक्त बायका जंगलात एकमेकींचे डोळे पुसत बसल्या होत्या, कुणी पाहिलं असतं तर आम्हालाच भुतं समजून पळालं असतं.

गाइडने पुढून शिट्टी मारली. निघायला हवं होतं. पायवाट एका माणसापुरती.

“तू हो पुढे,” संगीता म्हणाली.

“नको. तू हो.”

आम्ही दोघीही हललो नाही. शेवटून कोण चालणार, हे दोघींच्याही मनात होतं, आणि ती जागा घ्यायची दोघींचीही हिंमत नव्हती. हिंमत म्हणा की हक्क म्हणा. शेवटी तिने माझ्या हातात हात घातला आणि आम्ही शेजारी शेजारी निघालो, अंग चोरून, तिरक्या होत. दोन्ही बाजूंनी कारवी दंडांना घासत होती, बाह्या ओल्या झाल्या, फुलांचा चिकटा लागला. मागे वळून पाहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. तरी पाहिलं नाही. भीती वाटत होती, आणि त्या भीतीसकट मला फार बरं वाटत होतं.

उतार लागला. मुलांचे आवाज जवळ आले. तेव्हा संगीता क्षणभर थांबली. मान न वळवता, अगदी घरातल्या माणसाला विचारावं तशी, जिने माझ्या भावाला उभ्या जन्मात पाहिलं नाही ती बाई हळूच म्हणाली,

“दादा, येताय ना?”